कॅम्परच्या संडासाची टाकी सारखी तुंबतेय? आधी तिच्यात पाणी भरा

ट्रॅव्हलर मिनीबसच्या चासीवर बांधून घेतलेल्या कॅम्परमध्ये, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीत, संडास असला की ही तक्रार कधी ना कधी येतेच. पॅडल दाबलं, भांड्याखालचं पातं सरकलं, आणि खाली काही जातच नाही. नाहीतर घरी येऊन टाकी रिकामी करायचा व्हॉल्व्ह उघडला की भसकन थोडं पाणी येतं आणि मग नुसतं ठिबकत राहतं. प्लंबरला बोलावलं, त्याने चोक काढायची लांब स्प्रिंग मारली, मोकळं झालं. पुढच्या पेंचच्या नाहीतर ताडोब्याच्या फेरीत पुन्हा तेच.

एकदाच झालेला चोक कशानेही होऊ शकतो. पोरांनी वेट वाइप टाकला, बाटलीचं झाकण पडलं. पण पुन्हा पुन्हा त्याच जागी होणाऱ्या चोकचं कारण जवळजवळ नेहमी एकच निघतं: टाकीत पाणी पुरेसं नसतं, आणि जे असतं ते मैल्याच्या आधी निघून जातं. नागपुरात आमच्याकडे येणारा वर्धा रोडचा प्लंबर टाकीत टॉर्च मारून एका वाक्यात सांगून गेला, "ताई, पाणी जाऊन राहिलं ना, अन् माल तिथंच बसून राहिला." सगळा उपाय या वाक्यातून निघतो. त्यामुळे स्प्रिंग मागवण्याआधी पुढचं वाचा.

चोक नेमका कुठं आहे

हे शोधायला पाच मिनिटं लागतात आणि त्यावरच सगळं ठरतं. भांड्याचं पातं उघडं धरून टॉर्चने सरळ खाली बघा. तोंडाखालीच राखाडी-तपकिरी रंगाचा, वर निमुळता झालेला ढीग दिसला, त्याचा शेंडा सुकून भेगाळलेला असला आणि कडेकडेने थोडं पाणी चमकत असलं, तर चोक तिथंच आहे. टाकी अर्धी रिकामी असूनही भांडं भरतं ते यामुळे. असा ढीग झालेली टाकी गेजवर "भरलेली" दिसू शकते, कारण आतल्या सेन्सरवर मैल्याचा थर बसलेला असतो. गेजपेक्षा टॉर्चवर विश्वास ठेवा.

वरून मोकळं दिसतंय, पातळ मैल्याची पातळी वर आलीय, पण व्हॉल्व्ह उघडूनही बाहेर काही येत नाही, तर अडथळा टाकीच्या बाहेर पडायच्या तोंडाशी किंवा व्हॉल्व्हच्या पात्याशी आहे. टाकीतून सुरुवातीला जोरात येतं आणि मग मंदावतं, तर बाहेरचा पाइप तपासा. शेताच्या पंपाला लावतात तो हिरवा सक्शन पाइप आपल्याकडे बरेच जण वापरतात. चालतो तो, पण मध्ये झोळ पडला की मैला त्या झोळात बसतो. विटा किंवा लाकडाचे ठोकळे ठेवून त्याला टाकीपासून ड्रेनेजच्या चेंबरपर्यंत सतत उतार द्या. पाइपच्या सुरुवातीला हातभर पारदर्शक तुकडा क्लँपने बसवून घ्या. काय येतंय, गढूळ की स्वच्छ, हे डोळ्यांनी दिसलं की अंदाज बांधावा लागत नाही.

आणखी एक जागा लोक विसरतात, ती म्हणजे छतावरचा हवेचा पाइप. तो बंद झाला की फ्लश करताना गुडगुड आवाज येतो, मैला सावकाश उतरतो आणि पातं उघडताच घाण वासाचा भपका तोंडावर येतो. गाडी कडुलिंबाखाली उभी राहत असेल तर पानं अडकतात. आणि कुंभारमाशीला असा पाइप फार आवडतो. तोंडाशी बोटाएवढ्या मातीच्या नळ्या एकीवर एक चिकटलेल्या दिसल्या तर तेच तिचं घर. काडीने खरवडून काढा आणि तोंडावर बारीक स्टीलची जाळी बसवा.

ढीग का होतो

मोठं कारण म्हणजे उघडा ठेवलेला व्हॉल्व्ह. एखाद्या फार्महाउसवर दोन-तीन दिवस मुक्काम असला की लोक पाइप चेंबरला जोडतात आणि व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात, सारखं उघड-बंद कशाला म्हणून. मग लघवी आणि धुण्याचं पाणी लगेच वाहून जातं आणि घट्ट भाग आतच राहतो. रोज त्यावर एक थर चढतो. संडासाचा व्हॉल्व्ह कायम बंदच हवा, टाकी किमान दोन तृतीयांश भरल्यावरच उघडायचा. मैला ढकलायला मागे पाण्याचा लोंढा लागतो, आणि तो भरलेल्या टाकीतूनच मिळतो. मुक्काम संपला आणि टाकी अर्धीच भरली असेल, तर वरून बादल्यांनी पाणी ओतून भरा आणि मग सोडा.

दुसरं कारण काटकसरीचं आहे. टाकी रिकामी करायला जागा सापडत नाही म्हणून लोक फ्लशच्या पाण्यात हात आखडतात. चार माणसांच्या घराला ८० लिटरची टाकी दीड-दोन दिवसांत भरते. तो हिशेब सोसत नाही म्हणून अर्ध्या तांब्यात भागवलं जातं. आपल्याकडे कागदाऐवजी पाण्याने धुतात ही आपली मोठी जमेची बाजू आहे, परदेशी कॅम्परवाल्यांना छळणारा टॉयलेट पेपरचा लगदा आपल्या टाकीत फारसा नसतो. ती बाजू घालवू नका. शौचाच्या वेळी दोन-तीन लिटर पाणी सोडा. पाणी वाचवायचंच असेल तर अंघोळीत वाचवा, आणि हात-तोंड धुतलेलं पाणी बादलीत धरून तेच भांड्यात ओता.

तिसरं कारण आपलं खास नागपुरी आहे, आपलं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. टाकी "रिकामी" करून गाडी उन्हात उभी केली आणि तळाला दोन बोटं गाळ राहिला असेल, तर आठवड्याभरात तो कढईला लागलेल्या पिठल्यासारखा घट्ट होतो. पुढच्या फेरीत नवीन मैला त्या खरबरीत थरावर अडकतो. उन्हाळ्यानंतरच्या पहिल्याच सहलीला तुंबणाऱ्या टाक्यांचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं.

बांधणीतला दोषही असू शकतो, आणि तो असेल तर वरची कितीही काळजी कमी पडते. आमच्या गाडीला बांधणाऱ्याने टाकीचं तोंड तळापासून बोटभर वर काढलं होतं आणि लगेच नव्वद अंशाचा एल्बो लावला होता. म्हणजे बोटभर गाळ कधीच बाहेर पडणार नाही, आणि जो पडेल तो वळणावर आदळणार. तोंड तळाला टेकून, सर्वांत खालच्या कोपऱ्यात हवं. वळण लागलंच तर पंचेचाळीसचे दोन बेंड. पाइप तीन इंचापेक्षा बारीक नको आणि उतार फुटाला पाव इंच. नवीन गाडी बांधून घेत असाल तर हे काम सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहून द्या. नंतर टाकी उतरवून बदलायचं काम खर्चिक आणि किळसवाणं असतं.

काढायचा कसा

रबरी हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क, अंगावर जुने कपडे. टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड असतात, त्यामुळे जवळपास विडी-सिगारेट, लायटर काही नको, आणि गाडीतला गॅसही बंद. दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

टाकी तुडुंब भरलेली आणि खालून बंद असेल तर वरून आणखी पाणी ओतू नका, ते भांड्यातून गाडीत येईल. आधी भांड्याच्या तोंडातून हातपंपाने थोडं उपसा, किंवा सक्शनची गाडी बोलावा. सक्शन लावताना भांड्याचं पातं पूर्ण उघडं ठेवायला सांगा आणि छताचा पाइप मोकळा आहे ना ते बघा. हवा आत यायला वाट नसेल तर पातळ प्लास्टिकची टाकी आत चेपते.

टाकीत जागा असेल तर पहिला उपाय भिजवण्याचा. व्हॉल्व्ह बंद करा आणि टाकी पाऊण भरेल एवढं कोमट पाणी सोडा. कोमट म्हणजे अंघोळीच्या पाण्याएवढं. उकळतं पाणी ओतलं तर पीव्हीसीचे पाइप वाकतात आणि सांधे सुटतात, मग चोक परवडला म्हणायची वेळ येते. त्यात कपभर भांडी घासायचं लिक्विड घाला. सेप्टिक टँकसाठी मिळणारी एन्झाइम-बॅक्टेरियाची पावडर असेल तर तीही घाला, आणि किमान एक रात्र व एक दिवस तसंच ठेवा. सुकून घट्ट झालेल्या ढिगाला तीन दिवस लागू शकतात. डिसेंबर-जानेवारीत इथल्या रात्री १० अंशांच्या आसपास जातात, तेव्हा बॅक्टेरिया मंदावतात, म्हणून थंडीत आणखी वेळ द्या. घाईत लोक दोन तासांनी व्हॉल्व्ह उघडतात, सगळं पाणी निघून जातं आणि भिजलेला ढीग पुन्हा कोरडा पडतो.

भिजत असताना गाडी फिरवली तर फार उपयोग होतो. त्यासाठी समृद्धीसारखा सरळ, गुळगुळीत रस्ता कामाचा नाही, टाकीतलं पाणी जागचं हलतच नाही. वळणं, गतिरोधक, ब्रेक असलेला रस्ता हवा. चिखलदऱ्याचा घाट उतरून आलेल्या टाकीतला गाळ फार छान ढवळला जातो असा माझा अनुभव आहे. एवढं लांब जाणं शक्य नसेल तर शहराबाहेरच्या एखाद्या गावरस्त्यावर अर्धा तास पुरे. बर्फाच्या लाद्या टाकीत टाकून गाडी फिरवायचा सल्ला अनेक जण देतात. नागपूरच्या उन्हात तो बर्फ टाकीत पोचेपर्यंत निम्मा वितळतो, आणि जे काम होतं ते पाण्यानेच होतं. मी तो खटाटोप करणार नाही.

एवढ्यावर ढीग हलला नाही तर वरून हाताने काम करावं लागतं. पीव्हीसीच्या अर्ध्या इंची पाइपचं टोक फाइलने घासून गुळगुळीत करा, ढिगाच्या शेंड्यात हलक्या हाताने खुपसून गोल फिरवा आणि वरून बादलीने उंचावरून पाणी सोडा. एकदम तळापर्यंत भोसकायचं नाही, बाजूने पोखरत जायचं. लोखंडी सळई नको, तिने टाकीचा तळ फाटतो नाहीतर सेन्सर मोडतो. प्लंबरची स्प्रिंग चालते, फक्त तिच्या टोकाला बोथट गोळा हवा, मोटरवर फिरणारं धारदार टोक लावू देऊ नका. बागेच्या पाइपला लावायची लांब, वाकणारी फवारणीची नळी मिळाली तर काम निम्म्याने हलकं होतं.

अडथळा व्हॉल्व्हशी असेल तर बाहेरून उलटं पाणी मारायचं. व्हॉल्व्हच्या पुढे आणखी एक व्हॉल्व्ह आणि मध्ये पाणी जोडायचं नोझल असा तुकडा प्लंबर तासाभरात बनवून देतो, सामान इतवारीच्या बाजारात मिळतं. आधी बाहेरचा व्हॉल्व्ह बंद, मग पाणी सुरू, मग गाडीचा व्हॉल्व्ह उघडा. पाणी आत घुसून अडकलेलं मागे ढकलतं. थोडं भरलं की पाणी बंद करून दोन्ही व्हॉल्व्ह उघडा. असं आलटून पालटून करत राहायचं. हे करताना समोर उभं राहू नका, बाजूला राहा, आणि पाइप चेंबरला जोडल्याशिवाय बाहेरचा व्हॉल्व्ह उघडू नका. दाबाखाली असलेला चोक सुटतो तेव्हा सूचना देत नाही.

आता या उलट्या पाण्यातला धोका. नळाला थेट जोडलेला पाइप टाकीत असताना नळाचं पाणी गेलं, तर टाकीतलं पाणी उलटं ओढलं जाऊन नळाच्या लाइनमध्ये जाऊ शकतं. त्यामुळे हे काम नळावरून करूच नका. वेगळ्या ड्रममध्ये पाणी भरून घ्या आणि छोट्या पंपाने मारा. हा पाइप पिण्याच्या पाण्याच्या पाइपपेक्षा वेगळ्या रंगाचा घ्या, वेगळ्या पेटीत ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांना तो दाखवून ठेवा.

काय ओतू नये

ॲसिड नको. संडास धुवायच्या बहुतेक क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. भांड्यावर थोडं चालेल, पण टाकीत ओतलेलं ॲसिड रबराचे सील आणि स्टीलचे भाग खातं आणि मैला मात्र तसाच राहतो. त्यावर कुणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि कॅम्परच्या बंद जागेत तो जिवावर बेततो. कॉस्टिक सोड्याच्या चोक-पावडरी पाण्यात गरम होतात, प्लास्टिकला त्या नकोत. फिनाइल आणि ब्लीचिंग वासासाठी ओतायची सवय घरोघरी आहे. त्यांनी टाकीतले बॅक्टेरिया मरतात, मैला विरघळायचं थांबतं, आणि पुढे तेच घरच्या सेप्टिक टँकमध्ये जाऊन तिथलंही काम थांबवतात. फॉर्मल्डिहाइड असलेली टँक केमिकल्स याच कारणाने टाळा. वास येत असेल तर आधी हवेचा पाइप आणि मोरीतला ट्रॅप, म्हणजे पाणी धरून वास अडवणारा वाकडा पाइप, बघा. उन्हाळ्यात ट्रॅपमधलं पाणी आटलं की टाकीचा वास सरळ वर येतो. त्याला फक्त तांब्याभर पाणी लागतं.

वेट वाइप, सॅनिटरी पॅड, डायपर, कापूस, पाकिटावर "फ्लश करता येतं" लिहिलं असलं तरीही, टाकीत जाता कामा नये. झाकणाचा छोटा डबा आणि जुने पेपर भांड्याशेजारी ठेवा. घरी पाहुणे आले की त्यांना संडास दाखवतानाच हे सांगून टाका, यात भीड कामाची नाही.

मोरीची टाकी

भांड्यांच्या आणि हात धुण्याच्या पाण्याची टाकी वेगळी असते, आणि तिचा आजारही वेगळा. तिथं दोष तेलाचा. सावजी रस्सा, तर्री-पोहे खाऊन झाल्यावर ताटात जो लाल तवंग राहतो, तो थंडीत पाइपच्या भिंतीला चिकटतो. जवसाचं तेल तर हवेत सुकून चिवट पापुद्रा धरतं, रंगात ते वापरतात ते याच गुणामुळे. बोअरचं जड पाणी असेल तर त्यात साबणाची चिकट साय भर घालते. उपाय अगदी साधा आहे: ताट-कढई पाणी लावायच्या आधी जुन्या पेपरने पुसून घ्या आणि बेसिनला बारीक जाळी ठेवा. भाताची शितं, चिवड्याचा चुरा, संत्र्याच्या साली-शिरा जाळीतच राहिल्या पाहिजेत. तुंबलंच तर बेसिनखालचा ट्रॅप हाताने उघडून साफ करा, खाली घमेलं ठेवून. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतल्यावर फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि तेल तसंच राहतं. कोमट पाणी आणि भांड्याचं लिक्विड जास्त काम करतं.

कुठं आणि कशी रिकामी करायची

राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात कॅरॅव्हॅन पार्कची तरतूद आहे. पण मला आजही खात्रीची जागा म्हणजे घरचाच चेंबर, किंवा ज्या रिसॉर्टला सेप्टिक टँक आहे आणि मालकाने आधी फोनवर हो म्हटलं आहे ते ठिकाण. रस्त्याकडेची नाली, नाला, जंगलाची कडा यांपैकी काहीही नाही. नाग नदीत गेलेलं पुढे कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि गोसेखुर्दच्या जलाशयात जातं, तिथं माणसं ते पाणी वापरतात.

चेंबरशी गाडी अशी लावा की टाकीचं तोंड असलेली बाजू थोडी खाली राहील, विरुद्ध बाजूच्या चाकांखाली फळ्या घातल्या की पुरे. पहिल्यांदा संडासाची टाकी, मग मोरीची. मागून येणारं साबणाचं पाणी पाइप धुऊन काढतं. मग संडासाची टाकी निम्मी भरून पुन्हा सोडा, पारदर्शक तुकड्यातून स्वच्छ पाणी दिसेपर्यंत. आणि एवढ्या मैल्याने घरचाच चेंबर तुंबला, तर कुणालाही आत उतरवू नका. टाकीतला वायू माणसाला काही क्षणांत बेशुद्ध करतो, आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय असं काम करून घेणं हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सक्शनची गाडी बोलावणं हाच मार्ग.

पुढच्या फेरीआधी

रिकाम्या टाकीत निघायचं नाही. तळ दोन-तीन सेंटिमीटर बुडेल एवढं पाणी, म्हणजे ८० लिटरच्या टाकीला साधारण १० लिटर, आणि त्यात एन्झाइमची पावडर, हे घालूनच गाडी बाहेर काढा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण धुऊन निथळवून ठेवा. मे महिन्यात धुवायला वेळ नसेल तर निदान ते १० लिटर पाणी आत राहू द्या आणि आठवड्याने पातळी बघा.

व्हॉल्व्ह ओढताना करकर वाजत असेल तर पात्यावर क्षार बसलाय. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना हे हमखास होतं, पांढरा खरबरीत थर बोटाला लागतो. कोमट पाण्यात लिंबूसत विरघळवून फडक्याने तासभर लावून ठेवा, मऊ ब्रशने काढा, आणि सीलला सिलिकॉन ग्रीस लावा. खाण्याचं तेल किंवा इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगतं आणि धूळ चिकटते. भांड्याच्या पात्याखालच्या सीललाही हेच करा, तिथं पाणी टिकून राहिलं की वास वर येत नाही.